बसवलेला खेळ

वसईजवळच्या उमेळ्यात पूर्वी जिथे केळीची वाडी होती तिथे आता सात मजली इमारत उभी आहे आणि तिच्या तळमजल्यावर एक शाळा आहे. शाळा म्हणजे अडीच ते पाच वर्षांच्या पोरांची. भिंतीवर हसरी फुलपाखरं, जमिनीवर प्लास्टिकचं हिरवं गवत, आणि फाटकावर हातभर अक्षरांत पाटी: 'आमच्याकडे मुलं खेळता खेळता शिकतात.' सुनंदा रोज सकाळी गोखिवऱ्याहून स्कूटरवर यायची, त्या पाटीखालून आत शिरायची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं पुटपुटत ती ॲप्रन चढवायची.

कारण आत खेळणं म्हणून नव्हतंच हो! खेळणी होती, त्यांना काय तोटा? मुख्य शाखेकडून खोकी भरभरून आली होती. लाकडी ठोकळे, रंगीत कड्यांचा मनोरा, डॉक्टरची पेटी, इवलीशी भातुकली. सगळं काचेच्या कपाटात ओळीने मांडलेलं, कपाटाला कुलूप, आणि किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. मॅडम म्हणजे शाळेची मालकीण. खेळणी वापरली की मळतात आणि मळली की फोटोत दरिद्री दिसतात, असं त्यांचं म्हणणं.

"बाई, देवळातला देव पन एवढा कुलपात नसतो," रखमाबाई एकदा काच पुसता पुसता म्हणाली होती. रखमाबाई शाळेची मावशी, मिठागराकडची, तोंडाची फटकळ. पोरांचं शी-शू काढायचं आणि जे दिसेल ते बोलायचं, ही तिची दोन कामं.

शुक्रवार हा फोटोंचा दिवस. त्या दिवशी कपाट उघडायचं. एकेका पोराला बोलवायचं, हातात मनोरा द्यायचा, हसवायचं, फोटो काढायचा, मनोरा काढून घ्यायचा, पुसायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचा. एकदा केयूर नावाचा गोलमटोल मुलगा वरची पिवळी कडी सोडेचना. त्याची बोटं एकेक करून उकलताना सुनंदाला वाटलं, आपण पोराच्या तोंडचा घास काढून घेतोय. संध्याकाळपर्यंत ते फोटो पालकांच्या ग्रुपवर जायचे आणि खाली बदामांचा, टाळ्यांचा पाऊस पडायचा. बाकीचे दिवस ठिपके जोडा, रेघ गिरवा, गप्प बसा.

सुनंदा काही कालची पोर नव्हती. निर्मळला एका बालवाडीत तिने चौदा वर्षं काढली होती. तिथे कपाटच नव्हतं. चिंचोके, करवंट्या, शिंपले, जुन्या साड्यांची गाठोडी, आणि अंगणात ओली माती. पोरं दिवसभर लोळायची आणि वर्ष संपेपर्यंत मोजायला, भांडायला, भांडण मिटवायला, गोष्ट सांगायला शिकलेली असायची. 'मूल खेळतं तेव्हा ते काम करत असतं,' हे तिच्या प्रशिक्षणातल्या म्हाताऱ्या बाईंचं वाक्य तिला अजून पाठ होतं. पुढे पोरं इंग्रजी शाळांकडे वळली, बालवाडीला कुलूप लागलं, आणि सुनंदा या फुलपाखरांत येऊन पडली.

शाळेच्या मागच्या अंगणात रेतीचा हौदही होता बरं का. पांढरीशुभ्र रेती, चाळून, धुऊन आणलेली. वर निळी ताडपत्री. वर्षभरात ती ताडपत्री तीनदा निघाली होती आणि तिन्ही वेळा प्रवेशाचे पालक यायचे होते.

फेब्रुवारीतली गोष्ट. मॅडम मीटिंगला ठाण्याला गेल्या होत्या. सुनंदाला काय वाटलं कोण जाणे, तिने रखमाबाईला हाक मारली आणि दोघींनी मिळून ताडपत्री ओढून बाजूला केली.

"बाई, मराल," रखमाबाई म्हणाली.

"अर्धा तास फक्त. त्या पाच वाजल्याशिवाय येत नाहीत."

पोरं हौदाच्या कडेला उभी राहिली. आत कोणी उतरेना! केयूरने विचारलं, "टीचर, फोटो आहे?" सुनंदाला भडभडून आलं. नाही रे बाबा, नुसतं खेळायचंय, असं तिने सांगितलं तरी पोरं एकमेकांकडे बघत राहिली. पहिल्यांदा उतरली ती ऋतिका.

ऋतिका चार वर्षांची, काटकुळी, कोपरांवर कायम काहीतरी खरचटलेलं. उमेळ्यातलंच जुनं बागायतदार घर. अवतीभवती इमारती उठल्या तरी तिच्या आजोबांनी, दिवाकररावांनी, आपली अर्धा एकर वाडी विकली नव्हती. आई भाविका अंधेरीला नोकरीला, म्हणून शाळा सुटली की पोर आजोबांच्या मागे मागे. वर्गात ही मुलगी रेघ गिरवायला बसवली की खिडकीबाहेर बघायची. सहा महिन्यांत ती सहा वाक्यंही बोलली नव्हती. मॅडमनी तिच्या नावापुढे 'मंद' असं पेन्सिलने लिहून ठेवलं होतं. पेन्सिलने, म्हणजे पालकांनी मागितलं तर खोडता यावं.

ती रेतीत उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी खड्डा करायला लागली.

"हे काय गं?" सुनंदाने विचारलं.

"बावखल." वाडीत पाणी साठवायचं खोल तळं असतं ना, ते. तिने आपली पाण्याची बाटली त्यात ओतली. पाणी क्षणात रेतीत गडप. ऋतिका बघत राहिली. बाटलीतलं उरलेलं ओतलं, तेही गेलं. रडेल असं सुनंदाला वाटलं. रडते कसली! उठली, विघ्नेशच्या डब्याची प्लास्टिकची पिशवी मागून आणली, खड्ड्यात अंथरली, कडेने रेती दाबली. केयूरची बाटली घेतली आणि ओतली. पाणी राहिलं.

मग जे सुरू झालं ते सुनंदा जन्मात विसरली नसती. ऋतिकाने बोटाने पाट काढला, त्याला फाटे काढले, प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकेक पान खोवलं. ही केळ, ही केळ, हा अनंत, ही जास्वंद. पाणी सोडलं ते सात झाडांना पोचलं, आठव्याला नाही. तिने पाटाकडे पाहिलं, पहिल्या फाट्याच्या तोंडाशी रेतीची चिमूट टाकून तो बंद केला आणि आठव्याचं तोंड उघडलं. "ह्याची बारी झाली," ती केयूरला म्हणाली, "आता त्याची." केयूर धावत पाणी आणायला. विघ्नेश बांध धरून बसलेला. बारा पोरं, एक हौद, आणि भांडण नाही! सहा महिने न बोललेली पोर मुकादमासारखी हुकूम सोडत होती. चढ, उतार, मोजणी, वाटणी, सगळं त्या वीतभर रेतीत चाललेलं.  "अगं रखमाबाई, बघ तरी!" एवढंच सुनंदाच्या तोंडून निघालं.

आणि मॅडम आल्या. चार वाजताच.

"चिखल!" त्या दारातूनच ओरडल्या. "सुनंदाबाई, चिखल केलात तुम्ही!"

पोरं जागच्या जागी थिजली. ऋतिकाने हात पाठीमागे लपवले.

मॅडम ओरडून दमल्या तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. दहा दिवसांनी मुख्य शाखेकडून निरीक्षक येणार होत्या. दरवर्षी येतात. त्यांच्याजवळ एक तक्ता असतो, 'मुक्त खेळ तक्ता', आणि त्यात प्रत्येक मुलाला दहापैकी गुण मिळतात. आनंदाने खेळते का, वस्तू नीट हाताळते का, दुसऱ्याला देते का, खेळाचं नाव सांगते का. सातच्या वर असेल ते मूल वरच्या वर्गात आणि पुढे थेट मोठ्या शाळेत. सातच्या खाली असेल त्याने घरी जावं. तिथे दुसरी संधी नाही.

"आणि ही," मॅडमनी ऋतिकाकडे हनुवटी केली, "ही तर त्यात बसतच नाही. तिच्या आजोबांना आत्ताच सांगून टाकते. उगाच आपली टक्केवारी खाली."

"मॅडम, आज सबंध शाळेत खेळत होती ती ही एकटी."

"त्याला खेळ नाही म्हणत बाई, त्याला उद्योग म्हणतात." मॅडमनी रुमालाने हात पुसले, खरं तर त्यांचे हात कशालाच लागले नव्हते. मग एकदम आवाज मऊ करून म्हणाल्या, "तुम्ही गॅदरिंगला नाच किती सुंदर बसवता. बसवता ना? तसाच मुक्त खेळ बसवा. कोण कुठे बसणार, काय उचलणार, कधी हसणार, सगळं बसवून घ्या. ही मुलगी बसली त्यात, तर ठेवू. तुमच्यावर सोडते."

मुक्त खेळ बसवा! सुनंदाला वाटलं, त्याच क्षणी ॲप्रन काढून यांच्या तोंडावर फेकावा. तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण दारात दिवाकरराव येऊन उभे होते, सायकलला टेकून, नातीला न्यायला.

"काय गुरुजी," ते सुनंदाला गमतीने गुरुजीच म्हणत, "आमची नात शिकते काय काही? आमच्या वेळी बरं होतं. खेळू नये म्हणून शाळेत घालायचे. आता खेळावं म्हणून घालतात." ते हसले, मग हसू आवरून म्हणाले, "तीन शाळांनी नाही म्हणून सांगितलं हो हिला. बोलत नाही म्हणाले. भाविका रात्र रात्र रडली. इथे घेतलीत, फार उपकार. तुमच्यावर सोपवलीये."

ज्याने त्याने आपलं तिच्यावरच सोपवावं! सुनंदाने पोरीच्या नखांतली रेती बघितली आणि म्हणाली, "काळजी नको. जाईल ती वर."

त्या रात्री जेवताना तिने स्वतःला समजावलं. दहा दिवसांचा प्रश्न. नाटकात काम केलं म्हणून कोणी बिघडत नाही. पोर आत राहील, आईचं रडणं थांबेल, पुढे कधीतरी ताडपत्री पुन्हा ओढता येईल. माणूस स्वतःला किती छान फसवतं!

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं आणि बसवणं सुरू झालं. गॅदरिंगची सवय होतीच. तिने जमिनीवर खडूने फुल्या केल्या, पोरांना फुल्यांवर बसवलं आणि टाळीवर मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. केयूर तीन ठोकळे रचणार, चौथ्याला मनोरा पाडणार, पाचव्याला "पडलं!" म्हणून हसणार. विघ्नेश डॉक्टरच्या नळीने बाहुलीला तपासणार. तक्त्यात 'दुसऱ्याला देते' असा रकाना होता म्हणून भांडणही बसवावं लागलं. केयूरने विघ्नेशची नळी ओढायची, विघ्नेशने म्हणायचं, "चल, आपण शेअर करू." पहिल्या तालमीला केयूरने ओढली आणि विघ्नेशने त्याला खरोखरीची चापट दिली. सुनंदाला क्षणभर बरं वाटलं. निदान हे तरी खरं होतं! पण तिने विघ्नेशला कोपऱ्यात उभं केलं. चौथ्या दिवशी तो न रागावता, न बघता, पोपटासारखं शेअर करू म्हणायला लागला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "बघा, किती समंजस झाला."

रखमाबाई दाराशी पोछा घेऊन उभी होती. "बाई, माकडाला पन डमरू वाजल्यावर चने मिळतात," ती म्हणाली. "ह्यांना काय?"

"तू तुझं काम कर," सुनंदा खेकसली. तिच्यावर ती आजवर कधी खेकसली नव्हती.

ऋतिकाला रेतीवर बसवायचं ठरलं होतं. लाल फावडं, पिवळी बादली. तीन फावडी रेती, दोन थापट्या, बादली उलटी, "माय कासल!" म्हणजे माझा किल्ला असं म्हणायचं, वर बघून हसायचं. एवढंच. पण ती फावडं बाजूला ठेवून बोटाने पाट काढायला लागे.

"बावखल घरी, ऋतू. शाळेत कासल."

"कासलात पाणी कुठून येतं?"

"त्यात पाणी नसतं."

"मग झाडं?"

"झाडं पण नसतात."

ऋतिकाने तिच्याकडे असं पाहिलं की सुनंदाच मूर्ख. "मग कशाला करायचं?"

सुनंदाने फावडं पुन्हा तिच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी तिने एक चांदणी पोरीच्या मनगटावर चिकटवली आणि म्हणाली की नीट केलंस तर आणखी एक. पोरीने चांदणी काढून पानावर चिकटवली, फूल म्हणून. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोट रेतीत गेलं तेव्हा सुनंदाने ते बोट धरलं. जरा जोरात धरलं. वाटीएवढे डोळे करून पोर बघत राहिली आणि तिने हात सोडवूनही घेतला नाही.

पाचव्या दिवशी सुनंदाने जे केलं ते तिला आठवलं की आजही तोंड कडू होतं. ऋतिका संधी मिळाली की बाटली ओतायची, म्हणून सकाळी पोर आत येताच सुनंदाने तिची बाटली घेतली आणि बेसिनमध्ये रिकामी केली. पाणीच नसलं तर पाट कसला काढणार? युक्ती नामी होती. तालीम छान झाली. तीन फावडी, दोन थापट्या, कासल. अकरा वाजता ऋतिका तिच्याजवळ येऊन उभी राहिली, ओठ सुकलेले, आणि म्हणाली, "टीचर, घशात रेती आहे." सुनंदाने आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. पोर घटघटा प्यायली. प्यायल्यावर तळाशी घोटभर उरलं होतं, त्याकडे तिने एकदा पाहिलं, मग रेतीकडे पाहिलं, आणि बाटलीचं झाकण स्वतःच घट्ट लावून परत दिलं. शाबास, असं सुनंदा म्हणाली. म्हणाली खरंच! ते शब्द ऐकून तिला स्वतःचीच शिसारी आली.

त्या दिवसानंतर ऋतिकाने पाट काढला नाही.

आठव्या दिवशी दिवाकरराव फाटकाशी म्हणाले, "गुरुजी, पोरगी सुधारली बरं का. काल वाडीत पाणी सोडलं तर आली नाही. कपडे मळतात म्हणाली. ओट्यावर गप्प बसली होती." ते खूश होते की काय ते कळेना. "शिस्त लागली म्हणायची," एवढं म्हणून त्यांनी सायकल वळवली. सुनंदाला त्यांना थांबवून सांगावंसं वाटलं की अहो, घरी घेऊन जा तिला, आत्ताच्या आत्ता, आणि चिखलात टाका. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. पण मॅडम खिडकीत होत्या. सुनंदाने फाटकाची कडी लावली.

निरीक्षक ज्या दिवशी आल्या त्या दिवशी सगळी शाळा फिनाईलने घमघमत होती. रोझलिन मिस त्यांचं नाव, वसईच्याच, पांढरे आखूड केस, साधी सुती साडी, आयुष्यभर पोरांत काढलेल्या बाईसारखा थकलेला, भला चेहरा. त्यांना पाहताच सुनंदाच्या मनात एक भलतीच आशा उगवली. ही बाई पकडेल. ही बाई दोन मिनिटांत ओळखेल की हे सोंग आहे आणि सगळं उधळून लावेल. उधळो! नोकरी गेली तर गेली. सुनंदाने मनोमन हात जोडले.

मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "मिस, आता मुलांची मुक्त खेळाची वेळ आहे. मुलं आपल्या मनाने हवं ते निवडतात." आणि सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाने अंगठ्याने बोटावर हलकेच टिचकी मारली. हीच खूण ठरली होती.

बारा पोरं उठली आणि आपल्या मनाने आपापल्या फुल्यांवर जाऊन बसली. फुल्या सकाळीच पुसल्या होत्या, तरी एकही चुकलं नाही. केयूरने तीन ठोकळे रचले, पाडले, "पडलं!" म्हणून हसला. विघ्नेशचा मात्र घोळ झाला. केयूरने नळी ओढायच्या आधीच तो म्हणाला, "चल, आपण शेअर करू," आणि मग केयूरने नळी ओढली. मॅडमचा चेहरा पडला. रोझलिन मिसनी मान खाली घातली आणि तक्त्यात खूण केली. बरोबरची.

मागच्या दारातून रेती दिसत होती. मिस चालत तिकडे गेल्या. ऋतिका पाय जुळवून बसली होती. एक फावडं. दोन. तीन. थापटी, थापटी. बादली उलटी केली, हलकेच उचलली, रेतीचा घोटीव गोळा उभा राहिला. "माय कासल!" तिने मान वर केली आणि हसली. दात सगळे दिसले. डोळे होते तसेच राहिले.

"छान आहे गं," मिस म्हणाल्या. त्या खाली वाकल्या. "आता दुसरं काहीतरी कर. तुला आवडेल ते."

 कर गं बाई, सुनंदा मनात म्हणाली, काढ तुझा पाट, लाव सगळ्यांना चिखल! ऋतिकाने मिसकडे पाहिलं, मग मान वळवून सुनंदाकडे पाहिलं. खुणेची वाट बघत होती. खूण आली नाही, तेव्हा तिने गोळा मोडला, रेती सारखी केली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एक फावडं. दोन. तीन.

रोझलिन मिस उठल्या. त्यांनी कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि सुनंदाला जरा बाजूला घेतलं. झालं, पकडलं, असं सुनंदाला वाटलं. तिला रडू यायच्या बेतात होतं, सुटल्याचं रडू.

"तुम्ही बसवलंय ना?" मिसनी हळूच विचारलं.

"हो," सुनंदा म्हणाली. "मीच. मिस, मला तुम्हाला सांगायचं होतं..."

"सांगू नका. सगळीकडे बसवतात हो." त्यांनी तिच्या दंडावर थोपटलं. "या महिन्यात हे माझं नववं केंद्र. मागच्या ठिकाणी पोरं रडली, एकाने चड्डीत केली. तुमचं खरंच छान बसलंय. ती मुलगी तर काय, दुसऱ्यांदासुद्धा तसूभर चुकली नाही." आणि त्यांनी ऋतिकाच्या नावापुढे दहापैकी दहा लिहिले. लिहिताना त्यांचा तो भला चेहरा जराही हलला नाही.

 गटारात पडलेल्या माणसाने हात वर करावा आणि वरच्याने त्या हातावर टाळी द्यावी, तसं झालं सुनंदाचं.

मिस गेल्या. मॅडम आनंदाने वेड्या व्हायच्या बाकी होत्या. बाराच्या बारा पोरं वर गेली होती. त्यांनी भाविकाला फोन लावला, तो स्पीकरवर टाकला, आणि पलीकडून ती बाई हुंदके देत "थँक्यू, थँक्यू" म्हणत राहिली. पेढ्यांचा पुडा फुटला. मॅडमनी एक पेढा उचलला आणि सुनंदाने तोंड फिरवायच्या आत तिच्या तोंडात कोंबला. "तुमच्यामुळे झालं हो बाई! आपल्या विरारच्या शाखेतपण तुम्हीच बसवायचं पुढच्या महिन्यात."

पेढा तुपकट होता, टाळूला चिकटला. तेवढ्यात कोणीतरी तिचा ॲप्रन ओढला. ऋतिका. हात स्वच्छ धुतलेले, नखं पांढरी.

"टीचर, झालं ना सगळं?"

सुनंदाने मान हलवली.

"मग आता उद्यापासून खेळायला नको ना?"

सुनंदाने तोंड उघडलं, पण ते पेढ्याने भरलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये परत गेलीच होती, ताडपत्रीही रखमाबाईने अंथरली होती. उत्तर एकच होतं. तिने मान नाही म्हणून हलवली. नको.

"हुश्श!" ऋतिका म्हणाली. अगदी मोठ्या माणसासारखं, खांदे खाली टाकून. मग ती उड्या मारत आपल्या जागेवर गेली आणि कोणी न सांगता हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली. चेहऱ्यावर केवढं सुख. त्या दहा दिवसांत ती इतकी आनंदात कधी दिसली नव्हती.

सुनंदा तिच्याकडे बघत राहिली. तो पेढा थुंकावा असं तिला फार वाटलं. मॅडम समोरच उभ्या होत्या, हसत, दुसरा पेढा हातात धरून. सुनंदाने पहिला गिळला.